अकरा आणि बाराच्या मध्ये

माहुलच्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये
वीस पोलांची मोटर, तेवीसशे किलोवॅट,
सुटायची नीट, दोनशे नव्वदपर्यंत धावायची,
आणि शेवटचे दहा फेरे तिला जमायचे नाहीत.
फील्ड दिली की अँमीटरचा काटा
घरात शिरलेल्या वटवाघळासारखा इकडून तिकडे.
बाराव्या सेकंदाला ट्रिप.
मग नुसता ब्लोअरचा आवाज, आणि कुणाची तरी शिवी.

पॅनलवाले येऊन गेले. तिसरं कार्ड बदललं.
मॅनेजर दर अर्ध्या तासाने विचारायचे, कधी?
जणू मला माहीत होतं आणि मी लपवत होते.

मी मेगर लावला. मिनिटाला तीनशे,
दहा मिनिटांनी सातशे ऐंशी.
त्या दहा मिनिटांत तिथे कुणी बोलत नाही,
वैद्य नाडी बघताना बोलत नाहीत तसं.
इन्सुलेशन ठणठणीत.
मग रोटरला एकशे वीस व्होल्ट एसी,
आणि वाकून वाकून एकेका पोलला प्रोब टेकवत गेले:
सहा. सहा. सहा. पाच पूर्णांक नऊ. सहा.
वीस सख्ख्या बहिणींनी आधीच ठरवून दिलेली साक्ष.
शीटवर लिहिलं, ठीक.
लिहिताना पेन अडलं.

इग्नेशियस किणी तोवर कट्ट्यावर बसून
बाटली मसाल्याच्या रश्श्यात फुगे बुडवत होते.
गोराईचा माणूस. रिटायर होऊन सहा वर्षं,
डावा कान याच शेडमध्ये ठेवून गेलेला.
म्हणाले, "वैजू बाय, उभ्या उभ्याच विचारलंस ना तिला?
उभ्या मोटरला काही दुखत नाही."

हात धुतले, वेस्टने पुसले,
लाकडी हातोडी मागून घेतली.
माझा डिजिटल मीटर बाजूला सारून काट्याचा काढला,
काच सेलोटेपने धरलेली.
आणि पोलांमधल्या जोडांवर ठोकत निघाले, हलकेच,
बाजारात फणस थापटून बघतात तसं.
एक-दोन. दोन-तीन.
सात-आठला हेल्परने जांभई दिली.
अकरा-बारावर काटा दचकला.
परत ठोकलं.
परत दचकला.

टेप सोलली, तर तांब्याच्या पट्टीत
केसाएवढी रेघ, कडा काळवंडलेल्या.
उभी असताना मिटलेली,
वेगात बाहेर खेचली गेली की उघडणारी.
तीन दिवस आम्ही पॅनलचा उद्धार करत होतो.

ब्रेझिंग, मायका टेप, वॉर्निश,
रात्रभर दोनशे वॅटचे चार बल्ब.
त्यांच्या उबेला एक मांजर येऊन झोपलं.
वर्क परमिटवर त्याचं नाव नव्हतं.

पहाटे अर्थ काढले, कुलपं मोजली, माणसं मोजली.
साडेपाचला सोडली.
छताला जुनी चोकवाली ट्यूबलाइट होती,
सेकंदाला शंभरदा मिटते, आपल्याला कळत नाही.
तिच्या उजेडात रोटरचे पोल
सावकाश मागे मागे जाताना दिसले,
खाडीतलं पाणी ओहोटीला चिखलावरून जातं तसे,
पळत तर पुढे होते.

किणींनी बोट वर केलं.
फील्ड.
एक झोका, दुसरा अर्धा,
आणि वीसच्या वीस जागच्या जागी उभे.
मिनिटाला तीनशे फेरे, आणि एकही हलताना दिसेना.
अकरावा कुठला, तेवढं मात्र ओळखू येत नव्हतं.
किणींनी हातोडी हेल्परला परत केली आणि
डबा धुवायला गेले.

पुढच्या वर्षी शेडभर एलईडी बसले.
मोटर तशीच चालते,
काचेतून फक्त राखाडी धूसर फिरताना दिसतं.
खांब क्रमांक चारवरची ट्यूब चोकसकट राहू द्या,
असं मी लेखी कळवलंय.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, टेस्टिंगसाठी.